अनुभव धागा : गाडीतली तिकीट तपासणी

कंडक्टरची लेक
काल जिंतूरहून परभणीला येताना बोरीच्या पुढं पथकानं गाडी थांबवली. साहेबांनी आधी कंडक्टरचं मशीन हातात घेतलं, माणसं मोजली, मग आमची तिकिटं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. चेकिंग म्हटलं की लोकांना फुकटा प्रवासी आठवतो, मला त्यांचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद आठवतो. 6 किलोमीटरचा एक टप्पा, आणि टप्पा बदलायच्या आत तिकिटांचे नंबर लिहून मोकळं व्हायचं, गाडी कितीही खच्चून भरलेली असो. ड्युटीवर चढताना खिशातले स्वतःचे पैसेही नोंदवायचे. हिशेबापेक्षा रक्कम जास्त निघाली तरी जाब, कमी निघाली तरी जाब. घरी आल्यावर बोटं काळी असायची. तुमचे अनुभव सांगा ना.

सेलूकर
ताई, ट्रे आठवला बघा! रंगीत तिकिटांचे गठ्ठे, वर रबर, आणि चिमट्याची टकटक. दांड्यावर टकटक केली की झोपलेला माणूसही खिशात हात घालायचा.

गोदाकाठ
सेलूकर, नूतनचे का तुम्ही? कोणती बॅच?

सेलूकर
हो नूतनच. 94 ची दहावी. तुम्ही?

मुदखेडची सून
रेल्वेचं चालेल का? मावशी रात्रीच्या गाडीनं एकटी नांदेडला येत होती. जालन्याच्या पुढं बघितलं तर पर्स नाही, तिकीट त्यातच. टीसी आल्यावर रडायलाच लागली. तो म्हणाला, मावशी, बसून राहा, रात्री एकट्या बाईला असं मधे उतरवता येत नाही, कायदाच आहे. खरंच आहे, 139 कलम. नंतर वकील भावाला विचारलं. सोबत पुरुष नसेल तर बाईला किंवा लेकराला दिवसाच उतरवायचं, तेही ती जिथं गाडीत बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन नाहीतर जिल्ह्याचं ठिकाण बघून. भाडं आणि 250 दंड भरावाच लागला, नांदेडला काका पैसे घेऊन आले. पण त्या टीसीनं पाणी आणून दिलं हे मावशी अजून सांगते. कुकर झाला, येते नंतर.

पूर्णा जंक्शन
मराठवाडा एक्सप्रेसचे पासवाले कुठं गेले सगळे? 😀 पास असला तरी ओळखपत्र सोबत ठेवत जा रे बाबांनो. नुसत्या पासावर भागत नाही.

उदगिरी
आमचे आजोबा 78 वर्षांचे. अमृत योजनेत एसटी फुकट. कंडक्टरनं तिकीट हातात दिलं तर म्हणाले, "पैसेच न्हाईत तर चिठ्ठी कशाला?" त्यानं नीट समजावलं: आजोबा, पथक आलं अन् मशीनमधी तुम्ही दिसला न्हाईत तर माणूस जास्त भरतंय, मी अडकतो. शिवाय तुमच्या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं, ते ह्या शून्याच्या तिकिटावरूनच. तवापासून आजोबा गावात सगळ्यांना सांगतात, चिठ्ठी घ्या, पोराची नोकरी हाय. बायकांनीही लक्षात ठेवा, मार्च 2023 पासूनचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपुरतंच. उदगीरहून बीदरला निघालात तर हद्दीपुढचे पूर्ण पैसे द्यावे लागतात.

कंडक्टरची लेक
उदगिरी, आजोबांना माझा नमस्कार सांगा. पोराची नोकरी हाय, हे वडिलांना वाचून दाखवलं, खूप वेळ काही बोललेच नाहीत.

भोकरदनचा मास्तर
आमच्या एका विद्यार्थ्याचं तिकीट फोनमध्ये होतं आणि फोन बंद पडला. एका शहराच्या बसमधली गोष्ट. दंड घेतला, नियमच आहे. पण चारचौघांत त्याच्या कपड्यांवरून, गावावरून बोलले. पोरगं आठवडाभर कॉलेजला गेलं नाही. दंडाची पावती द्या, पैसे घ्या, पण माणसाची लाज काढायचा हक्क कोणत्या नियमात बसतो? मला आजही राग येतो.

मुदखेडची सून
आले परत. मास्तर, वाईट वाटलं वाचून. कसाय आता तो?

भोकरदनचा मास्तर
जातो आता. छापील तिकीटच मागून घेतो.

गोदाकाठ
सेलूकर, मी 96 ची. थोरली बहीण तुमच्या वर्गात असेल, विपूत (विचारपूस) लिहिते.

जिंतूरची आई
विषय वेगळाय पण विचारते. मुलगी आठवीत गेली, तिच्या एसटी पाससाठी आगारात जावं लागतं का?

कंडक्टरची लेक
नाही हो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. 2024 पासून शाळेनं यादी दिली की पास शाळेतच आणून देतात. वर्गशिक्षकांना विचारा, यादीत नाव गेलंय का बघा.