स्पेसशिपच्या रेंडरवर ग्लो टाकला की कापूस चिकटवल्यासारखा दिसतो, लेयर नेमके कसे लावायचे?

धूमकेतू_४२
नमस्कार मंडळी, गेले दोन महिने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका मालवाहू यानाचं मॉडेल करतोय, मागे चार मोठे नोझल (इंजिनांची तोंडं), बाजूला खिडक्यांची रांग आणि पंखाच्या टोकाला एक लाल दिवा. मॉडेल मनासारखं झालंय, पण इंजिन पेटल्यासारखी वाटतच नाहीत. मी काय केलं ते सांगतो, सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) १९२० बाय १०८० चा पीएनजी रेंडर काढला, गिंप या फोटो एडिटरमध्ये नोझलचा भाग सिलेक्ट करून नवीन लेयरवर घेतला, ६० पिक्सेलचा गॉशियन ब्लर मारला आणि लेयर स्क्रीन मोडला (खालचं चित्र उजळवणारा ब्लेंड मोड) टाकला. तर नोझलभोवती नुसतं निळसर-करडं धुकं येतं आणि मधला भाग काही तळपत नाही. त्याच लेयरच्या चार कॉप्या केल्या तर उजेड वाढला पण मागच्या पॅनलच्या रेघा सगळ्या पुसट झाल्या. आणखी एक, तिसऱ्या नोझलसमोर एक फिन (पातळ पंखासारखा भाग) आडवी येते, तिच्यावर आलेला ग्लो मी कडेकडेने खोडून काढला तर आता तो कात्रीने कापल्यासारखा दिसतोय. एवढी मेहनत घेतलेलं मॉडेल शेवटच्या पायरीला मार खातंय, कोणीतरी नीट सांगा.

नोडांची_माळ
मॉडेल छान वाटतंय वर्णनावरून, आणि तुझी पद्धत चुकलेली नाहीये, तुझा कच्चा माल चुकलाय. पीएनजीमध्ये नोझलचा पिक्सेल जास्तीत जास्त २५५ म्हणजे १.० पर्यंतच जातो, मग खऱ्या सीनमध्ये त्याची ताकद १ असो नाहीतर ४०, फाइलमध्ये दोन्ही सारखेच पांढरे. आता ब्लर म्हणजे काय, आहे तो उजेड मोठ्या जागेत वाटून टाकणं. १ ची किंमत १०० पिक्सेलवर वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ येतं, म्हणजे तुझं करडं धुकं. तीच किंमत ४० असती तर ०.४ आलं असतं, तो झाला ग्लो. म्हणून रेंडर ईएक्सआर या इमेज फॉरमॅटमध्ये काढ, त्यात १ च्या वरच्या किमती टिकतात.

आणि नोझल सिलेक्ट करून कापत बसू नकोस. ब्लेंडर ३.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, सायकल्समध्ये लाइट ग्रुप आहेत. व्ह्यू लेयरमध्ये तीन ग्रुप कर, इंजिन, खिडक्या, लाल दिवा, आणि ऑब्जेक्टच्या शेडिंगमध्ये जाऊन ज्याला त्याला त्याचा ग्रुप लाव. प्रत्येक ग्रुपचा वेगळा पास, म्हणजे फक्त त्याच्या उजेडाचं चित्र, मिळतो आणि गंमत म्हणजे त्या पासमध्ये नुसतं नोझल नसतं, नोझलचा जो उजेड यानाच्या बॉडीवर पडतो तोही असतो. सगळे पास एकमेकांत मिळवले की मूळ चित्र परत मिळतं (सूर्य आणि बाकीचे लाइट, वर्ल्ड हेही कुठल्यातरी ग्रुपमध्ये टाकायला विसरू नकोस, नाहीतर बेरीज कमी पडेल).

मग ब्लर एकच ठेवू नकोस, तीन ठेव. १९२० रुंदीला मी साधारण ८, ३० आणि १२० पिक्सेल घेते, लहान ब्लर जोरात, मधला निम्मा, मोठा अगदी फिका. खऱ्या ग्लोचा उतार सुरुवातीला एकदम खडा असतो आणि मग लांबवर रेंगाळतो, एका गॉशियनमध्ये ती लांब शेपटी येतच नाही, म्हणून कापूस वाटतो. ३८४० ला काढलंस तर तिन्ही आकडे दुप्पट.

प्रकाशरेषा
माळताईंशी सहमत, फक्त ब्लेंड मोडबद्दल भर घालतो कारण इथे बरेच जण अडकतात. उजेडात उजेड मिसळला की खरं तर साधी बेरीज होते, म्हणून अ‍ॅड मोड बरोबर, पण ती बेरीज लिनियरमध्येच बरोबर, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असतील तेव्हाच. १२८ चे दोन करडे पिक्सेल घे. एसआरजीबीमधला (पडद्यासाठीची नेहमीची रंगपद्धत) १२८ हा खऱ्या उजेडाच्या हिशोबात जेमतेम २२ टक्के असतो, दोन मिळून ४३ टक्के, तो परत एसआरजीबीत नेला तर १७६ च्या आसपास आकडा येतो. तेच तू साध्या ८ बिट लेयरवर अ‍ॅड केलंस तर १२८ अधिक १२८ थेट २५५ ला जाऊन आपटतं, म्हणजे भाजून निघतं. स्क्रीन केलंस तर १९२ येतं, खऱ्याच्या पुष्कळ जवळ. म्हणून ८ बिटमध्ये काम करायचंच असेल तर स्क्रीन, आणि लिनियर फ्लोटमध्ये असशील तर अ‍ॅड. गिंप २.१० पासून ३२ बिट फ्लोट लिनियर मिळतं आणि लेयरवर राइट क्लिक करून ब्लेंड स्पेसही लिनियर करता येते.

अजून एक, नोझलच्या मधोमध पांढरा ब्रश मारून गाभा रंगवू नको, खूप जण ते करतात आणि तो डाग ओळखू येतो. समजा इंजिनचा रंग ०.२, ०.५, १.० आहे आणि ताकद ३०. गाभ्यात ते होतं ६, १५, ३०, तिन्ही चॅनल १ च्या वर, आपोआप पांढरं. लांबवर त्याचा पन्नासावा भाग पोचला तर ०.१२, ०.३, ०.६, म्हणजे छान निळा. पांढरा गाभा आणि रंगीत कडा हे आकड्यांतूनच बाहेर येतं, हाताने काही करावं लागत नाही.

तिसरी_कक्षा
फिनचा प्रश्न राहिलाच की. भाऊ, तो ग्लो खोडू नकोस, तो तिथे असायलाच हवा! अवकाशात हवा नाही, धूळ नाही, मग नोझलच्या भोवती उजेड पसरायला तिथे आहे काय? हा सगळा ग्लो कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये किंवा आपल्या डोळ्यात तयार होतो, आणि लेन्सला कुठे माहीत की समोर फिन आहे. फिनने जेवढं नोझल झाकलंय तेवढं झाकलेलंच राहू दे, पण जे दिसतंय त्याचा ग्लो फिनच्या कडेवरून आत सांडू दे. खिडकीच्या गजामागे ऊन असलं की गज बारीक झाल्यासारखा दिसतो ना, तसं. म्हणजे क्रम असा, आधी झाकणं, मग ब्लर, आणि ब्लरनंतर मास्क अजिबात नाही.

(इंजिनमधून निघणारा वायू खरोखर चमकतोय असं दाखवायचं असेल तर तो भाग वेगळा, ती सीनमधली वस्तू आहे, ती फिनमागे लपायलाच हवी. तिचा रंग ठरवताना इंधन काय ते ठरव, झेनॉनचं आयन इंजिन निळसर दिसतं, हायड्रोजन-ऑक्सिजनची ज्वाला जवळजवळ दिसत नाही, केरोसीनची काजळीमुळे पिवळी-नारिंगी. आणि निर्वातात झोत बारीक राहत नाही, नोझलमधून निघाल्या निघाल्या फुलारतो.)

आणि बॉडीवर पडणारा उजेड सांभाळ, माझ्या मते निम्मं काम तोच करतो. ग्लोचे सगळे लेयर बंद करून बघ, नोझलच्या आतली रिंग, फिनची आतली बाजू, जवळच्या पाइपांच्या कडा निळ्या उजळलेल्या दिसतायत का? तिथे अंधार असेल तर वरून कितीही ब्लर टाक, इंजिन बंदच वाटणार.

धूमकेतू_४२
काय सांगू, ग्लोचे लेयर बंद करून बघितलं आणि फिनची आतली बाजू खरंच काळीकुट्ट होती! मी नोझलची एमिशन (उजेड सोडण्याची) ताकद फक्त २ ठेवली होती, पांढरं दिसतंय म्हणजे झालं असं समजून. आता ३० केली, फिनच्या कडेला जी बारीक बेव्हल (कडेचा तिरपा काप) दिली होती तिच्यावर निळी रेघ उमटली, मला माहीतच नव्हतं ती बेव्हल इतकी सुंदर दिसेल. लाइट ग्रुप केले, तीन ब्लर केले, फिनवरचं खोडकाम रद्द केलं. इंजिन पेटलं एकदाचं.

पण दोन अडचणी. ईएक्सआर गिंपमध्ये उघडला तर ब्लेंडरमध्ये दिसत होतं त्यापेक्षा भगभगीत दिसतोय, बॉडीवरचे उजळ भाग फाटलेत. आणि शेवटी ८ बिटला एक्सपोर्ट केल्यावर काळ्या आकाशात मोठ्या ब्लरच्या गोल गोल पायऱ्या दिसतात.

नोडांची_माळ
पहिलं, ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म डीफॉल्ट आहे, तो जास्तीचा उजेड हळुवार दाबून दाखवतो. ईएक्सआरमध्ये तो भाजलेला नसतो, कच्च्या किमती असतात, आणि गिंप त्या तशाच दाखवतं. म्हणून मी ग्लोचं सगळं काम ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्येच (रेंडरनंतर चित्रं एकत्र करायची जागा) करते, तिथे तेच ब्लर, तीच अ‍ॅड, फक्त लेयरऐवजी नोड, आणि एजीएक्स सगळ्यात शेवटी लागतो. ग्लो आधी, ट्रान्सफॉर्म नंतर, उलटं केलंस तर पुन्हा दाबलेल्या किमतींवर ब्लर मारशील आणि धुकं परत येईल. आपोआप ग्लो देणारा ग्लेअर नोडही आहे, ईव्हीमधला (ब्लेंडरचं दुसरं, झटपट रेंडर इंजिन) जुना ब्लूम हा ग्लोचा पर्याय ४.२ ला काढला तेव्हापासून बरेच जण तोच वापरतात, पण तीन ब्लरचा ताबा मला हातात आवडतो.

प्रकाशरेषा
पायऱ्यांचं सांगतो. मोठा ग्लो २५५ पैकी ३० पासून ० पर्यंत ६०० पिक्सेलमध्ये उतरत असेल तर ८ बिटमध्ये प्रत्येक पायरी २० पिक्सेल रुंद होते, ती डोळ्याला दिसणारच. ८ बिटला जायच्या आधी पूर्ण चित्रावर अगदी बारीक नॉइज टाक, एखाद-दोन लेव्हलचाच, पायऱ्यांच्या कडा विस्कटतात आणि उतार सलग वाटतो. नॉइज एक्सपोर्टनंतर टाकून उपयोग नाही, तोवर पायऱ्या पडलेल्या असतात. आणि पीएनजीच ठेव, जेपीजी काळ्या भागातला तो बारीक नॉइज खाऊन टाकतो.

धूमकेतू_४२
कंपोझिटरमध्ये हलवलं सगळं, नॉइज टाकला, पायऱ्या गेल्या. लाल दिव्याला फक्त ८ चाच ब्लर ठेवलाय, १२० चा लावला की तो इंजिनशी भांडत होता. आता खिडक्यांकडे वळतो, त्यांचा ग्रुप वेगळा आहेच, तिथे ताकद ३ वरून सुरू करून बघतो आणि रेंडर इथेच टाकतो.