लुकलुकतो तो तारा, हे नेहमी खरं असतं का? मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत हवीये. जानेवारी २०२६ मध्ये गावी गेलो होतो, रात्री आठच्या सुमारास गच्चीवर पोरीला आकाश दाखवत होतो. मृगाचा बाण (मृग नक्षत्रातले एका रेषेतले तीन तारे) सापडला, त्याच्या रेषेत खाली व्याध हा ठळक ताराही दिसला, तो तर लाल-निळा असा भगभग करत होता की पोरगी म्हणे बाबा विमान आहे. डावीकडे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ त्याहूनही ठळक पिवळसर ठिपका, एकदम स्थिर, मोबाईलच्या ॲपने सांगितलं गुरू. इथवर ठीक.

पण आदल्या दिवशी सातलाच बघितलं तेव्हा हाच गुरू शेजाऱ्यांच्या माडाच्या वर जेमतेम होता आणि चांगला लुकलुकत होता! मग क्षितिजाजवळ ग्रहही लुकलुकतात का? दहा बाय पन्नासच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) दुर्बिणीतून त्याच्या बाजूला एका रेषेत तीन बारीक ठिपके दिसले, हात हलत होता तरी. ते गुरूचे चंद्रच ना, की मागचे तारे?

आणि रोहिणी हा तारा आणि मंगळ हा ग्रह, दोन्ही तांबूस, ॲप न उघडता कसे ओळखता? पोरगी रोज विचारते आणि मी रोज काहीतरी ठोकून देतो.