केडगावची भाकरी

दांडेकरपूलकर: मिशनऱ्यांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे धर्माचा आग्रह होणार नाही, असं सांगितलं होतं. शेवटी १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंना विरोध करणारे सगळे सनातनी म्हणता, मग तेही सनातनी होते का?

केडगावची लेक: हे वाचून राहवलं नाही. १८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांना जेवण दिलं, अक्षरं दिली, विणकाम, छपाई शिकवली. माझी पणजी तिथेच वाढली. घरच्यांनी डोकं भादरून अंगणात बसवलेली बालविधवा होती ती. तेव्हा कुठे होता तुमचा धर्म?

दांडेकरपूलकर: धर्म बदलला ना तिचा? उपाशी माणसाची संमती ही संमती नव्हे.

सदाशिव पेठ: आणि केशवपनाला कोणी संमती विचारली होती? बालविधवा गोदूबाई शारदा सदनातच शिकल्या. ख्रिस्ती झाल्या नाहीत, १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं. हेही लिहा की!

वानवडीकर: जुनं किती उगाळणार? आमच्या चर्चमध्ये मी दर नाताळला कपडे गोळा करतो. लोक फाटके बनियन, चेन तुटलेल्या पॅन्ट आणून देतात. गरिबाला लाज नसते का? आधी यावर बोला.

दांडेकरपूलकर: लाजेचं मलाच सांगता? २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं. तुमच्यासारखाच एक गट चादरी घेऊन आला. चादरीचं एक टोक आईच्या हातात, दुसरं त्यांच्या. "मावशी, मान वर करा," म्हणाले. फोटो झाल्यावरच चादर सोडली. आईने ती कधी अंगावर घेतली नाही.

सदाशिव पेठ: फोटो काय फक्त चर्चवालेच काढतात? आमच्या मंडळाचे फ्लेक्स बघा.

दांडेकरपूलकर: मंडळं काढतात म्हणून आईची लाज कमी झाली का?

वानवडीकर: नाही झाली. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूच सांगतो. त्या लोकांचं चुकलंच. पण मी कधी कुणाचा फोटो काढलेला नाही. मला त्यांच्यात धरू नका.

केडगावची लेक: दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. त्याला सेवा मीही म्हणणार नाही. पण त्यावरून माझ्या पणजीची भाकरी आमिष ठरत नाही. मरेपर्यंत ती रमाबाईंना आईच म्हणायची.

दांडेकरपूलकर: पणजीपुरतं मान्य. रानडे का बाहेर पडले, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.