"स्टोरेज स्वस्त झालंय" म्हणणाऱ्यांनी एकदा 32 केबीत काम करून बघावं

लातूरचा_फर्मवेअरवाला: काल एकानं इथं लिहिलं, "लायब्ररीतला (दुसऱ्यानं लिहिलेल्या आयत्या कोडातला) न लागणारा कोड काढत बसणं म्हणजे टाईमपास, स्टोरेज स्वस्त झालंय." डोकंच सरकलं वाचून. आम्ही मोटार स्टार्टरचे मोबाईल कंट्रोलर बनवतो, चिप ॲटमेगा 328पी, फ्लॅश (प्रोग्राम ठेवायची जागा) सगळी मिळून 32 केबी, त्यातच बूटलोडर (चिप चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम). मागच्या साली एक कमांड वाढवली अन् बिल्ड (तयार झालेला प्रोग्राम) चिपमधी मावंना. एसएमएसची लायब्ररी एकाच फाईलीत, लागायचे दोन फंक्शन पण लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) त्या फाईलीची अख्खी ऑब्जेक्ट फाईल उचलायचा. फंक्शन-सेक्शन्स लावून एकेक फंक्शन वेगळं केलं, जीसी-सेक्शन्सनं लिंकरला न लागणारं टाकून द्यायला सांगितलं, व्होल्टेज दाखवायला प्रिंटएफमधी (मजकूर छापायच्या फंक्शनमधी) फ्लोट म्हंजे दशांश आकडा होता तो काढून पूर्णांक केला, त्यातच दीडेक केबी सुटलं, तवा कुठं बसलं. नाहीतर बोर्डच बदलायचा, कुणाच्या खिशातून?

मोंढ्यातला_डेव्हलपर: भाऊ, तुमचं चिपवर ठीकय. आम्ही बाजारभावाच्या ॲपला आर8 (न लागणारा कोड काढून नावं आखूड करणारं अँड्रॉइडचं टूल) चालू केलं, साईज निम्मी, लै खुश. सकाळी मोंढ्यात सौदे चालू अन् सोयाबीनपुढं भावाची जागा कोरी! डिबगमधी (आमच्या तपासायच्या बिल्डमधी) सगळं बरोबर, रिलीजमधी (लोकांना द्यायच्या बिल्डमधी) आर8 नं फील्डचे नावंच बदलले, जेसनमधून (नाव-किंमत अशा रूपात येणाऱ्या माहितीतून) काही भरंना. अडत्यानं चारचौघांत शिव्या घातल्या, त्या मी खाल्ल्यात.

लातूरचा_फर्मवेअरवाला: मग रिलीज बिल्ड न तपासता दिलंच कामून? चूक तुमची अन् बोल आर8 ला.

मोंढ्यातला_डेव्हलपर: दोघं जण सगळं करायलोत, तपासायला माणूस कुठून आणू? शहाणपण शिकवू नका.

परभणी_बॅकएंड: डिसेंबर 2021 विसरलात का दोघं? लॉगफोरजेमधलं (जावाच्या नोंदी लिहायच्या लायब्ररीतलं) जेएनडीआय लूकअप (बाहेरच्या सर्व्हरवरून माहिती आणायची सोय) आमच्या टीममधी कुणी कधीच वापरलं नव्हतं, तरी त्याच्यातूनच सर्व्हर उघडा पडला. जिथं अपग्रेड जमंना तिथं जारमधून (जावाच्या कोडच्या गठ्ठा-फाईलीतून) त्या लूकअपचा एक क्लास उडवत रात्र काढली. साईज राहू द्या हो, जो कोड नाहीच तो कुणी फोडू शकत नाही.

गंगाखेडकर: विषय सोडून विचारतो, मोबाईलवरून मोटार लावायची पाळीच कामून येते? शेतीची लाईट रात्री देतात म्हणून! माझा चुलता रात्री दोनला हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, स्टार्टरच्या पेटीत साप. वाचला, पण बोट गेलं. दिवसा लाईट द्यायची सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, आमच्या फिडरवर आजून रात्रपाळीच.

परभणी_बॅकएंड: आमच्याकडं पण तेच दादा. वडील बॅटरी घेऊन निघाले की आई जागीच राहते.

मोंढ्यातला_डेव्हलपर: अहो लाईटीचं काय काढलं, विषय बायनरीचा (तयार प्रोग्रामच्या फाईलीचा) चाललाय ना!

लातूरचा_फर्मवेअरवाला: तोच विषय आहे. मी जी कमांड बसवायलो होतो ती "लाईट आली" म्हणून मेसेज टाकणारी होती, म्हंजे लाईट बघायला माणसानं रात्री शेतात जायचं काम नाही.

गंगाखेडकर: हे आधी सांगायचं ना राव. चुलत्याला एक पाठवा, पैसे देतो.

मोंढ्यातला_डेव्हलपर: बरं, मानलं. मी घाबरून आर8 ला अख्खं पॅकेजच कीप करायला (हात न लावायला) सांगितलं होतं, साईज परत होती तिथंच गेली. आता कीप फक्त मॉडेल क्लासपुरतं (जेसनमधली माहिती भरायच्या क्लासपुरतं) लिहितो. पण रिलीज बिल्ड आठवडाभर माझ्याच फोनवर चालणार, मगच अडत्याला.