विमानाचे मैल साठवून ठेवावेत की वापरून टाकावेत? (जळगावहून सिंगापूर, दोन माणसं)

तापीकाठ_जळगाव

नमस्कार मंडळी. शिल्लक अशी आहे: क्रिसफ्लायरमध्ये (सिंगापूर एअरलाइन्सची योजना) ४६,००० मैल, म्हणजे तिकिटाला वापरता येणारे पॉइंट, त्यातल्या १८,००० ची मुदत पाच-सहा महिन्यांत संपते. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये २२,००० पॉइंट, बरेचसे विस्ताराच्या खात्यातून आलेले. शिवाय बँकेच्या कार्डावर साधारण ९०,००० रिवॉर्ड पॉइंट आहेत, ते विमानकंपनीकडे वळवता येतात.

मुलगी सिंगापूरला असते. पुढच्या दिवाळीच्या आगेमागे आम्हा दोघांना जायचंय, तारीख पक्की नाही. इकडे रोज बातमी: आज ही हवाई हद्द बंद, उद्या ती कंपनी तोट्यात. घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं, भाडी वाढली की मैल कामाला येतील, ठेवा. दुसरं म्हणतं, कंपनीच बुडाली तर काय चाटायचेत? बँकेचे पॉइंट आत्ताच मैलांत वळवून ठेवू का, तेही सांगा.

---

भुसावळ_लोको

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: आत्ता वळवू नका. बँकेचा पॉइंट विमानकंपनीकडे गेला की परत येत नाही. तोवर तो सिंगापूर एअरलाइन्सकडे जाऊ शकतो, दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो, हॉटेलला किंवा थेट तिकिटालाही लागू शकतो. अनिश्चित दिवसांत हा मोकळेपणाच महत्त्वाचा.

पण म्हणून बँकेकडे वर्षानुवर्षं ठेवणंही बरोबर नाही. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर आधी ५ पॉइंटला ४ मैल मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून ५ ला २ झाले. बँक शाबूत, कंपनी शाबूत, आणि साठा निम्मा. लोक कंपनी बुडण्याला घाबरतात, पण नेहमीचं नुकसान असं दर बदलल्यानं होतं. जळगावात सांगायला नको, सोन्याचा भाव पडला तरी वजन तेवढंच राहतं. मैलाचं वजनही समोरचाच ठरवतो.

बुडण्याचं म्हणाल तर आपल्याकडे तीन तऱ्हा झाल्यात. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, तिचे मैल मातीमोल झाले. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून मैल खात्यावर राहिले. त्याच वर्षी योजनेचं नाव इंटरमाइल्स झालं, मात्र ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले होते ती विमानंच उरली नाहीत. तिसरी विस्तारा: १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट एकास एक वळले. तुमचे ते हेच. दिवाळखोरीत मैलवाल्याला कुणी विचारत नाही, बँका आणि कर्मचारी यांच्यानंतरही भलीमोठी रांग असते. तेव्हा एकाच विमानकंपनीत दोन वर्षांच्या गरजेपेक्षा जास्त मैल ठेवू नयेत, असं माझं मत.

आता १८,००० चं. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांनी संपतात, मधे प्रवास केला म्हणून मुदत वाढत नाही. मात्र मुदत तिकीट काढण्याला आहे, उडण्याला नाही. मुदतीच्या आत तिकीट काढून प्रवास नंतरचा ठेवता येतो, आणि तिकिटाला जुने मैल आपोआप आधी कापले जातात. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, घड्याळ सिंगापूरचं चालतं, ते आपल्या अडीच तास पुढं. शुल्क भरून मुदत एकदा वाढवता येते, पण बेत ठरलेला असताना तो खर्च फुकट आहे.

यात एक खोच आहे. मुदत उलटल्यावर ते तिकीट रद्द केलं तर मुदतबाह्य मैल परत मिळत नाहीत, हवेत जातात. म्हणून हे १८,००० ज्या टप्प्याची खात्री जास्त त्याला लावा. येणं-जाणं एका तिकिटावर न काढता दोन एकेरी तिकिटं काढा. क्रिसफ्लायरमध्ये एकेरीला परतीच्या निम्मेच मैल लागतात, त्यामुळे तोटा नाही, आणि परतीची तारीख हलली तर जायचं तिकीट सुरक्षित राहतं.

काढण्यात अर्थ आहे का ते असं बघा. समजा रोखीनं एकेरी तिकीट १७,५०० रुपये. तेच मैलांनी काढलं तर २०,००० मैल आणि वर कर ३,५००. म्हणजे १४,००० रुपये वाचले, भागिले २०,०००, मैलाला ७० पैसे. संपत चाललेल्या मैलाला ७० पैसे उत्तम, कारण दुसरा पर्याय शून्य. बँकेच्या पॉइंटला मात्र तेच गणित उलटं पडू शकतं. एक पॉइंट देऊन एक मैल मिळत असेल आणि तोच पॉइंट बँकेच्या प्रवास पोर्टलवर तिकिटाला एक रुपया देत असेल, तर ७० पैशांचा मैल कशाला घ्यायचा? पोर्टलवर तिकीट रोखीचं धरलं जातं, त्यावर सहसा नवे मैलही पडतात. बिझनेस क्लासला मैलाची किंमत दीड-दोन रुपयांवर जाते, तिथं वळवणं परवडतं.

---

शिरपूर_हायवे

भुसावळवाल्या भाऊंचं बरंचसं पटतं, पण "दोन वर्षांच्या गरजेपेक्षा जास्त नको" याला पुस्ती हवी. मुलगी परदेशात असताना एका माणसाच्या एकेरी तिकिटापुरते मैल कायम हाताशी हवेत. दुखणंखुपणं, काही निकड निघाली तर दोन दिवसांवरचं रोखीचं भाडं तिप्पट असू शकतं. क्रिसफ्लायरसारख्या ठरलेल्या तक्त्यावर चालणाऱ्या योजनेत मैलांचा आकडा तोच राहतो, अट एवढीच की जागा असली पाहिजे. विमान रिकामं जात असेल तर उड्डाणाच्या आधल्या पंधरवड्यात अशा जागा पुन्हा सुटतात. महाराजा क्लबचे २२,००० यासाठी धरू नका, तिथं दर कसा निघेल आधी सांगता येत नाही. राखीव साठ्यातला मोठा भाग बँकेच्याच पॉइंटांत ठेवा, पण वळवायला किती वेळ लागतो ते लक्षात घेऊन. काही कंपन्यांकडे मैल मिनिटांत पडतात, काहींकडे तीन-चार दिवस लागतात, आणि निकडीला चार दिवस म्हणजे कायमचे. म्हणून त्या एका एकेरी तिकिटापुरते मैल क्रिसफ्लायरमध्ये असू द्या, बाकी बँकेत.

दुसरं, मैलांचं तिकीट हे अनिश्चित काळात रोखीच्या तिकिटापेक्षा बरं. २०२० मध्ये उड्डाणं बंद झाली तेव्हा रोखीवाल्यांना परताव्याऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटालाच वापरता येणारी जमा) हातात मिळालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२३ ला गो फर्स्ट थांबली तेव्हा रोखीवाले धनको होऊन बसले. मैलांचं तिकीट चालू कंपनीचं असेल तर शुल्क कापून मैल आणि कर परत येतात, आणि कंपनीनंच उड्डाण रद्द केलं तर शुल्कही सहसा घेत नाहीत. मात्र प्रवास विमा मैलांची किंमत बहुधा धरत नाही, फक्त भरलेला कर धरतो. पॉलिसीत तेवढं वाचा.

सेव्हर, म्हणजे कमी मैलांत मिळणारं तिकीट रद्द केलं की माणशी डॉलरमधलं शुल्क जातं. इकॉनॉमीच्या जवळच्या फेरीला ते झोंबतं. "काढून ठेवू, मग बघू" म्हणत चार तारखांची चार तिकिटं काढू नका.

आणि पॉइंट वळवण्याआधी नावं तपासा. क्रिसफ्लायरचं खातं आणि बँकेचं कार्ड एकाच माणसाचं आणि एकाच नावानं हवं. आपल्याकडे मधलं नाव गोंधळ घालतं: कार्डावर वडलांचं नाव आहे, पासपोर्टवर आहे, खात्यात नाही, की व्यवहार अडकला. वहिनींचं तिकीट तुमच्या मैलांतून काढायचं तर त्यांना आधी नॉमिनी म्हणून जोडा. अशी पाच माणसं जोडता येतात, स्पेलिंग पासपोर्टवरचंच घाला.

---

सातपुडा_पायथा

विमान कुठून धरायचं यावर कुणी बोललंच नाही. जळगाव विमानतळाहून मैलांनी निघायचा विचार सोडा. तिथली अलायन्स एअर २०२२ नंतर टाटांच्या एअर इंडियात नाही, ती सरकारकडेच राहिली, म्हणून महाराजा पॉइंट तिला लागत नाहीत. तिथून उडणाऱ्या फ्लाय ९१ या कंपनीचाही या दोन्ही योजनांशी संबंध नाही.

सिंगापूर एअरलाइन्स अहमदाबादहूनही उडते. मुंबईच्या सेव्हर जागा दिवाळीला भराभर जातात, तेव्हा अहमदाबादही शोधून बघा. नवजीवन एक्सप्रेस जळगाव, नंदुरबार, सुरत करत थेट अहमदाबादला जाते. नंदुरबार-नवापूरवाल्यांना तर मुंबईपेक्षा तेच सोयीचं.

मुंबईच धरायची तर आदल्या दिवशी पोहोचा. रेल्वे किंवा दुसऱ्या कंपनीचं छोटं विमान चुकलं तर पुढची कंपनी जबाबदार नसते, तुम्ही नो-शो (विमानाला न आलेले प्रवासी) ठरता, आणि मैलांच्या तिकिटाला नो-शोचं शुल्क रद्द करण्यापेक्षा जबर असतं. पावसाळ्यात कसारा-इगतपुरी घाटात गाड्या कशा रखडतात हे आपल्याला ठाऊकच आहे. एका रात्रीचं लॉजभाडं स्वस्त पडतं.

महाराजाचे २२,००० खरेदीच्या व्हाउचरात घालवू नका, तिथं दर पडेलच असतो. संभाजीनगरहून किंवा मुंबईहून देशातल्या एखाद्या प्रवासाला लावून मोकळे व्हा. फक्त कर किती दाखवतात ते शेवटच्या पानावर बघा. काही वेळा कर आणि अधिभार मिळून रोखीच्या तिकिटाच्या निम्म्याला टेकतात.

---

तापीकाठ_जळगाव

सगळ्यांचे आभार. आते काय करानं ते बरंच उलगडलं. एक शंका: दिवाळीच्या तारखा साइटवर उघडल्या आहेत की नाही हे कसं कळायचं? आणि दोघांसाठी शोधलं तर "उपलब्ध नाही" येतं, एकट्यासाठी जागा दिसते.

---

भुसावळ_लोको

साधारण ३५५ दिवस आधी तारखा उघडतात. शोधाच्या पानावर तारीख निवडता आली म्हणजे उघडली. दिवाळीची सुट्टी सिंगापुरातही असते, त्यामुळे त्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी गर्दी. चार-पाच दिवस मागेपुढे सरकलात तर फरक पडेल.

एकट्याला दिसते आणि दोघांना नाही, याचा अर्थ सेव्हरची एकच जागा शिल्लक आहे. दोन मार्ग: एक जागा घेऊन दुसऱ्या माणसाला त्याच विमानात प्रतीक्षा यादीत टाका, किंवा दुसरं तिकीट बँकेच्या पोर्टलवरून काढा. दोन पीएनआर झाले की फोन करून ते एकमेकांना जोडून घ्या. नाहीतर उड्डाण बदललं तर एकाला सकाळचं विमान देतील आणि दुसऱ्याला रात्रीचं. प्रतीक्षा यादी लागेलच असं नाही, तेव्हा त्या १८,००० मैलांच्या मुदतीच्या महिनाभर आधी निर्णय घ्या: यादी नाही लागली तर जागा असलेली दुसरी तारीख धरा.

क्रम एवढा पाळा. आधी जागा बघायची, मग खात्यात मैल कमी पडत असतील तेवढेच बँकेतून वळवायचे, पडल्याबरोबर तिकीट. बँकेच्या वळवण्याला बहुधा किमान आकडा आणि ठरावीक पटी असते, शे-दोनशे रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटीही. त्यामुळे दोन-दोन हजार करून चारदा वळवू नका. परदेशी चलनात कर भरायला लागला तर कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी बसतो. मुंबईहून किंवा अहमदाबादहून निघणाऱ्या तिकिटाचा कर रुपयांत भरता येतो का ते पैसे भरण्याच्या पानावर बघून घ्या.