पीटर अ‍ॅक्रॉइड: सुरुवात कुठून करावी आणि खरं किती धरावं?

पानोपान: इंग्रज लेखक अ‍ॅक्रॉइड यांची चरित्रं, कादंबऱ्या, इतिहास असं सगळंच वाचायचं आहे. 'हॉक्समूर' आणि डिकन्सचं चरित्र हाताशी आहे. आधी काय घ्यावं? जुन्या लंडनवरच्या लेखात यातले तपशील वापरले तर चालतील का?

शिळाप्रेस: 'हॉक्समूर' (१९८५) आधी घ्या, पण त्यातला एकही तपशील लेखात नको. निकोलस हॉक्समूर (१६६१–१७३६) हा खरा वास्तुविशारद. कादंबरीत मात्र ते नाव विसाव्या शतकातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिलंय आणि वास्तुविशारद झालाय निकोलस डायर. १७११ च्या कायद्याने लंडनमध्ये ५० नवी चर्च बांधायचं ठरलं. त्यातली सहा एकट्या हॉक्समूरची. डायरची सात आहेत, कारण 'लिटल सेंट ह्यू' हे सातवं लेखकाने रचलंय. सैतानपूजा आणि नरबळी हेही रचलेलंच. या चर्चचा एकमेकांशी गूढ संबंध असल्याची कल्पना लेखक इयन सिंक्लेअर यांच्या 'लड हीट' (१९७५) या पुस्तकावरून सुचली, हे अ‍ॅक्रॉइड स्वतःच सांगतात.

बरेच जण पहिल्याच प्रकरणात अडकतात. विषम प्रकरणं डायरच्या तोंडी, अठराव्या शतकातल्या इंग्रजीत आहेत: नामांना मोठं अक्षर, 'फॅब्रिक'च्या शेवटी जादा 'के'. मोठ्याने वाचलं की दहा पानांत कान सरावतो. आजच्या काळातली सम प्रकरणं सलग वाचून जुनी नंतर वाचायची, असं मात्र करू नका. एका प्रकरणाच्या शेवटचे शब्द पुढच्याच्या सुरुवातीला येतात. तो धागा तुटला तर पुस्तकच हातातून गेलं.

आर्या_वाचन: माझं मत 'ब्लेक' (१९९५) आधी, म्हणजे कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं चरित्र. डिकन्सपेक्षा बरंच आटोपशीर आहे, आणि ब्लेकची कारागिरी त्यात नीट कळते. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने उलटी अक्षरं लिहायची, मग आम्लाने बाकीचा पत्रा खायचा आणि अक्षरं उठून राहायची. ही रीत समजल्याशिवाय त्याच्या कवितेची पानं तशी का दिसतात, ते उमगत नाही.

'डिकन्स' (१९९०) हजाराहून जास्त पानांचं आहे. हातातली प्रत बरीच बारीक असेल तर ती संक्षिप्त आवृत्ती समजा. पूर्ण आवृत्तीत अधूनमधून काल्पनिक तुकडे आहेत. एकात चॅटर्टन, डिकन्स, वाइल्ड आणि एलियट हे वेगवेगळ्या काळातले लेखक गप्पा मारतात! ते वाचा जरूर, पुरावा म्हणून देऊ नका.

तळटीप: लेखासाठी 'लंडन: द बायोग्राफी' (२०००) उपयोगी आहे. ते काळानुसार नाही, विषयानुसार रचलंय: आग, धुकं, आवाज, तुरुंग. त्यामुळे हवं ते प्रकरण थेट उघडा. अडचण अशी की वाक्यागणिक तळटिपा नाहीत, शेवटी संदर्भांवर एक टिपण आहे. म्हणून तपशील सापडला की मूळ साधन शोधा आणि दाखला त्याचा द्या.

कवी टी. एस. एलियटच्या चरित्रातून (१९८४) दाखले देताना जपायचं कारण वेगळं. एलियटच्या वारसांनी अप्रकाशित पत्रांतून उतारे घ्यायला परवानगी दिली नाही, कवितेतूनही अगदी जुजबी. त्यामुळे पत्रांचा मजकूर लेखकाच्या शब्दांत आहे. तो एलियटचा म्हणून अवतरणात टाकाल तर चूक होईल.

पानोपान: आभार. इंग्लंडच्या इतिहासाचे खंड क्रमानेच घ्यावेत का?

तळटीप: सहा खंड आहेत, २०११ ते २०२१ दरम्यान आलेले. ट्यूडर राजघराण्याचा काळ हवा असेल तर दुसरा थेट घेतला तरी चालतं. फक्त तिसरा ब्रिटनमध्ये 'सिव्हिल वॉर' आणि अमेरिकेत 'रिबेलियन' नावाने आहे. पुस्तक तेच, दोनदा मागवू नका.