मदत हवी आहे : ध्यानातला ‘मी’, बौद्ध आणि ख्रिस्ती

नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. रोज पहाटे आनापान, म्हणजे श्वासावरचं बौद्ध ध्यान, करते. नाकपुडीशी श्वास येतो-जातो, तेवढंच पाहायचं. बुद्धांनी पाच भिक्षूंना सांगितलंच आहे, की रूप (शरीर), वेदना (सुख-दुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) यांतलं काहीच ‘मी’ नाही. शेजारच्या ख्रिस्ती मावशी श्वासासोबत ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ म्हणतात. परवा म्हणाल्या, “अगं, तू नाहीसच, तर देव प्रेम कुणावर करणार?” तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. सोळाव्या शतकातली स्पेनची संत तेरेसा आत्म्याला किल्ला म्हणते, अगदी आतल्या दालनात देव. बौद्धांकडे तो किल्लाच नाही! मग दोन्ही ध्यानं शेवटी एकच, हे मला पटत नाही. बौद्ध धर्मावर धर्मानंद कोसंबी वाचलेत. ख्रिस्ती ध्यानावर मराठीत काय वाचू? कुणी दोन्ही साधना केल्या असतील तर प्लीज अनुभव सांगा.